गिअरबॉक्स गेला, म्हणजे गाडी गेली का?

मलकापूरकडून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला यायचे तर राजूर घाट चढावा लागतो आणि खामगावकडून यायचे तर ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथा घाट. पूर्णेच्या खोऱ्यातून अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढणाऱ्या या रस्त्यांवर एमएच २८ क्रमांकाच्या गाड्या रोज दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर घुमत असतात आणि पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आली की क्लच अर्धा दाबून सरकत असतात. अशाच एखाद्या चढावर आठ-नऊ वर्षांच्या, सर्व्हिस बुकात एकही शिक्का न चुकलेल्या सेकंड हँड गाडीचा गिअरबॉक्स बसतो. वर्कशॉपमधून दीड लाखाचे एस्टिमेट येते. मग घरात दोन वाक्ये हमखास बोलली जातात. 'एवढी जपली तरी असे कसे झाले?' आणि 'आता हिच्यात आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही, मिळेल त्या भावात काढून टाका.' पहिल्या वाक्यात मेंटेनन्सकडून भलतीच अपेक्षा आहे आणि दुसऱ्यात हिशेब चुकीच्या आकड्याशी मांडलेला आहे. नीट जपलेल्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, तर ती दुरुस्त करून वापरणेच बहुतेक वेळा स्वस्त पडते. मात्र नेमके काय मोडले हे कळण्याआधी ना दुरुस्तीला होकार द्यावा, ना गाडी विकायला काढावी.

आधी पहिल्या वाक्याचे पाहू. सर्व्हिस बुक हे सातबाऱ्यासारखे असते. त्यात काय नोंदले गेले ते दिसते, जमिनीखाली पाणी किती आहे ते दिसत नाही. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, कूलंट एवढ्याच गोष्टी बघितल्या जातात. गिअरबॉक्स कोणी खोलत नाही, खोलायचाही नसतो. फार तर गिअर ऑइल बदलले जाते, आणि पुष्कळ गाड्यांत तेही होत नाही, कारण कंपनीच 'हे ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे' असे सांगते. गंमत अशी की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे झाली की ऑइल बदला असे सुचवते. गाडी बनवणाऱ्याचे 'आयुष्यभर' म्हणजे बहुधा पहिल्या मालकाच्या हातातले आयुष्य. दुसऱ्या मालकाला पूर्ण भरलेले सर्व्हिस बुक मिळते, पण गिअरबॉक्समधले ऑइल कारखान्यातून निघाले तेव्हाचेच असू शकते. शिवाय घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय, पाच जणांच्या गाडीत सात जण आणि वर सामान, उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तासाची दौड यांतले काहीच त्या पुस्तकात लिहिले जात नाही.

आणि समजा, ऑइलही वेळेवर बदलले, चालवणाराही जपून चालवणारा होता, तरी गिअरबॉक्स जाऊ शकतो. याचे कारण बेअरिंगच्या गणितात आहे. बेअरिंग किती चालेल हे ठरवण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी १९४७ मध्ये मांडली. तिच्यात बेअरिंगचे आयुष्य म्हणजे ठरावीक भाराखाली १०० पैकी ९० बेअरिंगे टिकतील तो काळ. उरलेली १० त्याआधीच जातील हे त्या व्याख्येतच गृहीत धरलेले आहे. गाडीचे डिझायनर हा काळ भरपूर राखून ठरवतात, त्यामुळे रस्त्यावर शंभरातल्या दहा गाड्या बंद पडत नाहीत. पण ही संख्या शून्य कधीच होत नाही. याच गणिताचा दुसरा भाग आपल्याकडच्या वापराला जास्त लागू पडतो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. भरलेली गाडी खालच्या गिअरवर घाट चढते तेव्हा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सपाटीपेक्षा कितीतरी जास्त जोर येतो. म्हणून दोन सारख्याच जपलेल्या गाड्यांपैकी मलकापूर-नांदुरा पट्ट्यात सपाटीवर फिरणारी आणि रोज बुलढाण्याला चढणारी या दोघींच्या गिअरबॉक्सचे वय किलोमीटर सारखे असूनही वेगळे असते. मेंटेनन्सने बिघाडाची शक्यता कमी होते. बिघाड होणारच नाही अशी हमी त्याने मिळत नाही. तेव्हा गिअरबॉक्स गेला म्हणून 'गाडीच फसवी निघाली' हा निष्कर्ष घाईचा आहे.

आता 'गिअरबॉक्स गेला' या निदानाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. इंजिनापासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या साखळीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट आणि चाकाचे बेअरिंग असे बरेच काही असते आणि यातले कोणतेही बिघडले तरी मालकाच्या तोंडी 'गिअरबॉक्स' हाच शब्द येतो. आवाज कधी येतो हे शांतपणे ऐकले तर बराच उलगडा होतो. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना कट-कट वाजत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. याची सुरुवात पुष्कळदा रबरी बूट फाटण्यापासून होते. ग्रीस बाहेर, पावसाळ्यातली काळी माती आत, आणि काही शे रुपयांच्या बुटापायी काही हजारांचा शाफ्ट जातो. वेगाबरोबर वाढणारी, गिअर कोणताही असला तरी न बदलणारी घूं-घूं बऱ्याचदा चाकाच्या बेअरिंगची असते. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, तर आधी क्लच तपासायचा. या सगळ्यांच्या खर्चात दसपट-वीसपट फरक असतो.

ऐकून झाले की बघायचे. गिअर ऑइल स्वच्छ भांड्यात काढायला सांगावे आणि तेव्हा स्वतः उभे राहावे. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लगदा जमलेला दिसेल. ती नेहमीची झीज आहे, तिला घाबरायचे कारण नाही. त्या लगद्यात बोटाला टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा लागला, तर गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही. ऑइल पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हात धरले की पितळी चमक दिसते का हेही कळते. ती दिसली तर बहुधा सिंक्रोनायझर रिंग घासली आहे. ऑइल भरले होते त्यापेक्षा फारच कमी निघाले, तर दोष ऑइल सीलच्या गळतीचा आणि ती गळती कोणीच न पाहिल्याचा. ही सारी तपासणी तासाभराची, पण तिच्याशिवाय दिलेले एस्टिमेट म्हणजे अंदाजपंचे.

ऑटोमॅटिक गाड्यांत तर निदान आणखी महत्त्वाचे. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी हा प्रकार छोट्या गाड्यांत आला आणि त्या पिढीच्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात भरपूर आहेत. एएमटीमध्ये आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो, त्याच्यावर क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा बसवलेली असते. बिघाड बहुधा या वरच्या यंत्रणेत, तिच्या पंपात, सेन्सरमध्ये किंवा घासलेल्या क्लचमध्ये असतो. कधी क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून यंत्रणेला नवा क्लच 'शिकवायचा' राहून गेलेला असतो, एवढ्यावरही गाडी झटके देते. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ ही निदानाची सोय सक्तीची आहे, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या गाडीतही फॉल्ट कोड वाचता येतो. त्याची प्रिंट मागून घ्यावी. ड्युअल क्लच आणि सीव्हीटीचे काम मात्र खरेच वेगळे आहे. तिथे आतले भाग महाग, जोडणी नाजूक आणि ते काम जाणणारे हात कमी. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर ऑटोमॅटिक गाडी ताकद येणारी चाके रस्त्यावर फिरत ठेवून दोरीने ओढू नये, नाहीतर वाचलेला भागही जातो.

इथे कोणी म्हणेल, अधिकृत वर्कशॉपने अख्खी असेंब्ली बदला म्हटले आहे, ते तज्ज्ञ, त्यांच्यावर शंका का घ्यायची? शंका त्यांच्या ज्ञानावर नाही, कामाच्या पद्धतीवर आहे. तासांचे दर महाग असलेल्या आणि कामाची वॉरंटी द्यावी लागणाऱ्या ठिकाणी अख्खे युनिट बदलणे त्यांना सोयीचे आणि बिनधोक असते. त्यामुळे एस्टिमेटवरचा आकडा हा बिघाडाचा आकार नसून त्या वर्कशॉपच्या पद्धतीची किंमत असते. स्थानिक मेस्त्रीकडे तेच काम एक बेअरिंग आणि दोन सील बदलून होऊ शकते, पण त्याच्याकडे स्कॅनर, विशेष पुलर किंवा कंपनीचे सुटे भाग असतीलच असे नाही. या दोन टोकांमधली दरी आपोआप पडलेली नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दलच. दंडावर पुढे अपिले झाली, पण गिऱ्हाईक कंपनीच्याच दारात अडकून पडते हे दुखणे त्या प्रकरणाने कागदावर आणले. त्यामुळे दुसरे मत घेणे म्हणजे वर्कशॉपचा अपमान नव्हे. ज्या ब्रँडचे अधिकृत वर्कशॉप जिल्ह्यात नाही, त्याच्या मालकाला अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते आणि एकदा तिथे गाडी टाकली की परत आणायचा खर्च डोळ्यांपुढे नाचून माणूस मिळेल त्या एस्टिमेटवर सही करतो. म्हणून गाडी उचलून न्यायच्या आधीच खामगाव, चिखली, मेहकर जिथे जवळ असेल तिथे वरची प्राथमिक तपासणी करून घ्यावी.

आता घरातले दुसरे वाक्य, 'आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही'. गाडीची किंमत साडेचार लाख, दुरुस्ती दीड लाखाची, म्हणजे तिसरा हिस्सा, म्हणजे परवडत नाही, असा हिशेब सर्रास मांडला जातो. 'दुरुस्ती किमतीच्या अमुक टक्क्यांवर गेली की गाडी सोडा' या ठोकताळ्याचे मूळ बहुधा विम्यात आहे. अपघातात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती गाडी संपूर्ण नुकसान झाल्याचे धरते. हा नियम कंपनीच्या सोयीचा आहे, कारण पैसे देऊन मोकळे व्हायचे आणि सांगाडा विकायचा हा पर्याय तिच्यापुढे असतो. मालकापुढचा पर्याय वेगळा असतो, त्याला उद्यापासून पुन्हा गाडी लागणारच असते. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करायची नसते, गाडी सोडून दिल्यास येणाऱ्या खर्चाशी करायची असते.

समजा, चालू स्थितीत गाडीला साडेचार लाख मिळतात आणि बंद स्थितीत घेणारा सव्वादोन लाख देतो. तो इतके कमी देतो, कारण आत काय निघेल याची जोखीम तो तुमच्याच किमतीतून कापतो. आता तशीच दुसरी गाडी साडेचार लाखांना घेतली तर वरचे सव्वादोन लाख खिशातून गेले. त्यावर नाव चढवणे, विमा, पहिली मोठी सर्व्हिस आणि बहुधा टायर किंवा बॅटरी मिळून चाळीस हजार धरा. एकूण दोन लाख पासष्ट हजार मोजून हाती काय आले? जिचा गिअरबॉक्स कसा आहे हे ठाऊक नाही अशी एक परकी गाडी. याउलट दीड लाखात आपली गाडी नव्या गिअरबॉक्ससह हाती राहते आणि काम सत्तर हजारांत झाले तर बोलायलाच नको. नवी गाडी घ्यायची म्हटले तर सात लाखांचे कर्ज, पाच वर्षे मुदत आणि साडेनऊ टक्के व्याज धरून महिन्याचा हप्ता सुमारे १४,७०० रुपये येतो. म्हणजे दीड लाखाचे काम अकरा हप्त्यांत वसूल. तुमच्या गाडीचे, तुमच्या गावचे आकडे यात घालून बघा, रीत बदलत नाही: चालू गाडीची किंमत वजा बंद गाडीची किंमत, अधिक गाडी बदलण्याचा खर्च. दुरुस्ती याच्या आत असेल तर करावी.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आज गिअरबॉक्स, उद्या टर्बो, परवा इंजेक्टर. जुन्या गाडीत एकदा पैसे घालायला लागलो की अंत नाही. ही भीती खोटी नाही, पण ती दुरुस्त केलेल्या गाडीला जेवढी लागू आहे त्याहून जास्त बाजारातून आणलेल्या गाडीला लागू आहे. आपल्या गाडीचे इंजिन ऑइल खाते का, एसी कधी भरला, खालून गंज आहे का हे आपल्याला ठाऊक असते. नीट ठेवलेल्या नोंदींचा खरा उपयोग इथेच होतो. गिअरबॉक्स वाचवता आला नाही तरी बाकीची गाडी कशी आहे हे त्या नोंदी खात्रीने सांगतात. 'आजवर हिच्यात लाखभर घातले, आता सोडू कशी' हा विचार मात्र तितकाच चुकीचा. गेलेला पैसा निर्णयात धरायचा नसतो. त्यातला जो भाग अजून पुढे कामाला येणार आहे, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचे टायर किंवा नवा रेडिएटर, तेवढाच जमेला धरावा.

गाडी सोडून द्यावी असे प्रसंगही आहेत. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी, खालच्या फ्रेमला लागलेला गंज, मोठ्या अपघातात वाकलेला सांगाडा यांत गिअरबॉक्सवर पैसे घालू नयेत. एकदा नीट बांधलेला गिअरबॉक्स वर्षभरात पुन्हा गेला तर दोष दुसरीकडेच आहे. कंपनीच देश सोडून गेली असेल तरी विचार करावा. शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, तिची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन गुंडाळत असल्याचे जाहीर केले. या गाड्यांचे यांत्रिक भाग अजून मिळतात, कसबी मेस्त्री आहेत, त्यामुळे साधी मॅन्युअल टवेरा दुरुस्त करायला हरकत नाही. पण ऑटोमॅटिकचे इलेक्ट्रॉनिक युनिट शोधायची वेळ आली तर पाय मागे घेतलेला बरा. गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हिशेबात धरावा. मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे.

दुरुस्ती ठरली तर नवे युनिट, आहे तेच खोलून बांधणे आणि भंगारात निघालेल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स यांतून निवड करायची असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून प्रत्येक मोठ्या शहरात हा तिसरा बाजार आहे. स्वस्त पडतो, पण पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत गिअर रेशो बदललेला असू शकतो. आरसी बुकात चेसिस आणि इंजिनाचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स सहज खपतो. पावती नसेल तर घेऊ नये. बहुतेक मॅन्युअल गाड्यांसाठी जाणत्या मेस्त्रीकडून आपलाच गिअरबॉक्स बांधून घेणे सगळ्यात बरे. बेअरिंग आणि सील चांगल्या कंपनीचे, क्लच सेटही त्याच वेळी, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही. कामाची वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी आणि काढलेले जुने भाग पोत्यात घालून परत मागावेत.

राहिला प्रश्न पैसे कोणाकडून मिळतील का याचा. नेहमीच्या मोटार विम्यातून नाही, कारण यांत्रिक बिघाड आणि झीज त्यात स्पष्टपणे वगळलेली असते. खालून दगड लागून गिअरबॉक्सचे कवच फुटले तर तो अपघात ठरतो, पण ऑइल गळत असताना गाडी तशीच पुढे दामटली तर पुढच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. गाडी घरगुती मालकाकडून घेतली असेल तर १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार घेणाऱ्यानेच बघून घ्यायचे असते. दोष जाणूनबुजून लपवला हे सिद्ध करता आले तरच दिवाणी दाव्यात दम येतो, आणि तेच तुम्ही विकणारे असाल तेव्हा तुम्हालाही लागू आहे; जाड ऑइल भरून आवाज दाबून गाडी खपवणे ही फसवणूकच. व्यावसायिक डीलरकडून किंवा ऑनलाइन कंपनीकडून गाडी घेतली असेल तर गोष्ट वेगळी. त्यांनी लेखी दिलेली वॉरंटी, तपासणीचा अहवाल, जाहिरातीतला दावा हे सारे जपून ठेवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता पुण्याचा असो की मुंबईचा, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या, म्हणजे बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. काळी-पिवळी चालवून स्वतःचे पोट भरणाराही या कायद्याने ग्राहकच आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते आणि गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिला फी लागत नाही.